गच्चीवरचा ड्रम आणि मामाचं पाचट

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शहाणं माणूस गच्चीवर खताचा ड्रम मांडत नाही. मी मांडला. ५० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, गरम सळईनं पाडलेली भोकं, खाली चार विटा. भाजीची देठं, चहाचा चोथा, केळीच्या साली असं रोज अर्धा-पाऊण किलो आत पडू लागलं. कोरडं म्हणून वर्तमानपत्राचे चार तुकडे, तेही आठवण झाली तर.

एका रविवारी उरलेला पांढरा रस्साही ओतला. जिरेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी मांजरांनी झाकण पाडलं, त्यात रात्रभर पाऊस. शेजारच्या काकू नाकाला पदर लावूनच वर आल्या. "काय मेलंय काय गं हितं?"

आत काळा लगदा, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. ड्रम ओतून टाकणारच होते, तेवढ्यात मामा आला. पन्हाळा तालुक्यात त्याचा ऊस आहे. अंबाबाईचं दर्शन झालं की चहाला आमच्याकडं. त्यानं सरळ आत हात घातला. मी तोंड फिरवलं.

"कोरडं काय घातलंयास ह्यात?"

वर्तमानपत्र म्हणाले.

"उसाच्या मुलखात ऱ्हातीस आन् पाचट दिसलं न्हाई व्हय तुला?"

चार दिवसांत एसटीनं पोतं आलं. वाळलेला उसाचा पाला कात्रीनं बोटभर कापायचा म्हणजे शिक्षा आहे. कडा ब्लेडसारख्या, हातमोजे न घालता बसले आणि दोन दिवस कणीक मळता आली नाही.

चूक साधी होती. ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, तो दबून बसला की हवा खेळत नाही, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू वास सोडतात. पाचटानं कर्ब मिळतो आणि मधे पोकळी राहते. कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण ३०:१ असावं म्हणतात, पण वजनकाटा घेऊन कोण बसतंय? मी एक वाडगं ओलं तर दोन वाडगी पाचट घालते.

सगळा लगदा गच्चीवर पसरला, हाडं वेचून काढली, पाचट कालवलं. त्यात पेलाभर आंबट ताक आणि मामानं पोत्याबरोबर पाठवलेलं मूठभर जुनं शेणखत. वर पत्रा. वास दोन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी खालवर करायला हात घातला तर आत चांगलं गरम! अळ्यांचं मी काहीच केलं नाही. ओल कमी झाली तशा त्याही कमी झाल्या. ओल बघायची ती मुठीत दाबून: गोळा व्हावा, पाणी गळू नये.

दसऱ्याला दारावरची झेंडूची तोरणं शेवटची घातली आणि ड्रम बंद केला. दिवाळीनंतर वाळूच्या चाळणीतून चाळलं. काळंभोर, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास. आंब्याच्या कोयी आणि अंड्याची टरफलं मात्र जशीच्या तशी, पाचटाचे जाड शिरेही तसेच. ते नव्या ड्रमच्या तळाला टाकले.

तीन भाग मातीला एक भाग खत मिसळून कुंड्या भरल्या. जास्वंदीच्या कुंडीत आता टोमॅटोची अकरा रोपं उगवलीत. बिया काही कुजल्या नव्हत्या.

दुसरं पोतं मागायला फोन केला. मामा म्हणाला, "तोडणी होऊ दे, ट्रॉलीभर ने. न्हाईतर पेटवतोयच की आम्ही."