शिक्रा, चौथी आवृत्ती: पाठीमागची टाकी काढली

काल रात्री शिक्राने, म्हणजे मी सिम्युलेटरमध्ये बनवत असलेल्या लढाऊ विमानाने, इंधनाच्या भरल्या टाक्यांनिशी घट्ट वळण घेतलं आणि सरळ बाहेर आली. तिसऱ्या आवृत्तीत हे एकदाही जमलं नव्हतं. ताशी ३०० किलोमीटरला स्टिक जरा ओढली की नाक आपोआप वर चढत जायचं, डावा पंख पडायचा आणि विमान गिरक्या घेत खाली.

दोन आठवडे मी शेपटीवरच काम करत होतो. आडवी शेपटी रुंद केली, एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची) हालचाल कमी केली, तरी फरक पडेना. मग टाक्या निम्म्या करून उडवलं आणि तेच विमान एकदम गुणी झालं. दोष होता वैमानिकामागच्या २४० लिटरच्या टाकीचा! भरली की जवळपास १७० किलो, तेही १.३ मीटर मागे. २,८५० किलोच्या विमानात गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटर मागे सरकतो, आणि माझ्याकडे एवढी मोकळीक नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानालाही हा त्रास होता. पल्ला वाढवायला पाठीमागे ८५ गॅलनची टाकी दिली, पण ती बरीच रिकामी होईपर्यंत जोरदार वळणं धोक्याची, म्हणून वैमानिक सुरुवातीला तीच वापरत.

आता पंखांच्या मुळाशी १२० लिटरच्या दोन टाक्या आहेत. त्यासाठी तोफा ३० सेंटिमीटर बाहेर सरकल्या आणि पूर्ण रोलला (लांबीच्या अक्षाभोवती एक गिरकी घ्यायला) ३.६ ऐवजी ४.१ सेकंद लागतात. हे मला खुपतंय. पंखांची टोकं २ अंशांनी खाली पिळली आहेत. त्यामुळे स्टॉल (पंखाची उचल तुटणं) मुळापासून सुरू होतो, आणि इलेरॉन, म्हणजे पंखांच्या टोकांकडच्या विमान कलवणाऱ्या पट्ट्या, शेवटपर्यंत हाताशी राहतात. त्याच युद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरच्या पंखाला असाच अडीच अंशांचा पीळ होता.

उड्डाणाच्या वेळी डावीकडे ओढ अजून आहे. उभी शेपटी दीड अंश तिरकी करून पाहिली. धावपट्टीवर छान, पण वेग वाढला की नाक उजवीकडे जातं. जर्मन मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानात यासाठी उभ्या शेपटीचा छेदच एका बाजूने फुगीर ठेवला होता. पाचव्या आवृत्तीत तोच करणार आहे. कुणी असा छेद बनवला असेल तर फुगवटा किती ठेवलात ते जरूर सांगा. रेडिएटरचं काम त्यानंतर.