नव्याण्णवचं वांगं

आईला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "आज वांगं बघायला गेलो होतो." तिला वाटलं, भाजीबाजार. वांगं होतं तोक्योत मारुनोउचीला, सेइकादो संग्रहालयात, काचेमागे.

'त्सुकुमो नासु' ही माचाची, म्हणजे हिरव्या चहाची, पूड ठेवायची मातीची बरणी. नासु म्हणजे वांगं, अंगाने तशीच गोलसर. त्सुकुमो म्हणजे 99. मुराता जुको या चहागुरूने ती 99 कान (तिथल्या जुन्या पैशाचं माप) मोजून घेतली म्हणे. उंची जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. आमच्या देवघरातला कुंकवाचा करंडा हिच्यापेक्षा मोठा असेल. आणि मूळची जपानीही नव्हे, चीनमधून आलेली.

पण रुबाब बघा. 1568 मध्ये सरदार मात्सुनागा हिसाहिदे बलाढ्य सेनानी ओदा नोबुनागाला शरण गेला, तो ही बरणी नजर करून. किल्ले, घोडे राहिले बाजूला! पुढे ती तोयोतोमी घराण्याकडे गेली आणि 1615 मध्ये ओसाकाच्या किल्ल्याबरोबर जळाली. किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासुने फुजिशिगे या कारागीर बापलेकांना राखेत हात घालायला लावला. त्यांनी तुकडे वेचले, उरुशीने सांधले, आणि काम इतकं बेमालूम झालं की खूश होऊन इएयासुने बरणी त्यांनाच देऊन टाकली. 1876 मध्ये मित्सुबिशीवाल्या इवासाकी यानोसुकेने ती घेतली, तीही थोरल्या भावाकडून पगाराची उचल घेऊन. (हे वाचून मला फार बरं वाटलं.)

मी सांधा शोधत काचेला नाक टेकवलं, तशी पहारेकरी बाई हळूच खाकरली. सांधा नाहीच दिसला. तपकिरी अंग, त्यावर ओघळल्यासारखी झिलई, आणि ती झिलईसुद्धा उरुशीची! एक्स-रे काढला तेव्हा कुठे आतले तुकडे दिसले.

"उरुशी म्हणजे लाख का रे... आपलं ते, दाराला लावतात ते?" आईने विचारलं.

"नाही गं, झाडाचा चीक. बिब्ब्याच्या कुळातलं झाड आहे. कच्चा चीक अंगाला लागला की फोड येतात."

आई थोडा वेळ गप्प. बरणी, नोबुनागा, 99 कान, कशाचंच तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

"अगं बाई," ती म्हणाली, "मग त्या बापलेकांच्या हातावर उतला असेल की रे!"