छत्रीपासून फायबरपर्यंत : आमची वाटचाल

कराडमध्ये आमच्या केबलची पहिली जोडणी १९९३ साली झाली. झी टीव्ही १९९२च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता आणि 'तो चॅनल आमच्याकडे कधी दिसणार' असं लोक दुकानात येऊन विचारायचे. माझ्या मिस्टरांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी गच्चीवर बारा फुटी जाळीची छत्री, म्हणजे डिश अँटेना, बसवली आणि गल्लीतल्या घरांना काळी वायर ओढून दिली. मी १९९६ साली लग्न होऊन या घरात आले. हातात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता. कंट्रोल रूम तेव्हापासून माझ्याकडे आहे. लाइनवरची सगळी मुलं मला वहिनी म्हणतात, आणि आता ग्राहकही वहिनीच म्हणतात.

तोवर १९९५चा केबल कायदा आला होता आणि केबलवाल्याची नोंदणी मुख्य पोस्ट ऑफिसात व्हायची. त्या काळी प्रत्येक चॅनलला छत्रीवरचा सिग्नल घेणारा एक वेगळा रिसीव्हर आणि तो तारेवर त्याच्या ठरावीक जागी बसवणारा एक वेगळा मॉड्युलेटर लागायचा. सगळे सिग्नल एकत्र करून एका तारेवर सोडायचे. तार लांबली की सिग्नल दुबळा होतो, म्हणून ठरावीक अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा. पण अ‍ॅम्प्लिफायर चित्राबरोबर सिग्नलमधला गोंगाटही (नॉइज) वाढवतो. त्यामुळे लाइनच्या शेवटच्या घरी पडद्यावर कायम ठिपक्यांच्या मुंग्या. "वहिनी, आमच्याकडंच मुंग्या का?" या प्रश्नाचं खरं उत्तर भौतिकशास्त्रात होतं, पण ते दारात उभं राहून सांगण्यात अर्थ नसे. मुलगा पाठवावा लागे. त्यात अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते. एका गल्लीची वीज गेली की पुढच्या चार गल्ल्यांचं चित्र जायचं. मे महिन्यातला वळीव तर आमचा वैरीच. वीज तांब्याच्या तारेतून धावायची आणि एका संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायरची रांगच्या रांग जळायची.

१९९९च्या १५ ऑगस्टला अल्फा टीव्ही मराठी आलं, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी. केबल खरी घराघरांत पोचली ती तेव्हा. मराठी मालिकांच्या वेळेत लाइन बंद ठेवून दुरुस्ती करायची नाही, हा नियम मी तेव्हा घातला आणि तो आजही पाळला जातो.

मग डिजिटल आलं. २०११ साली कायद्यात बदल झाला. मुंबईत २०१२च्या अखेरीस, पुणे-सोलापूरसारख्या शहरांत २०१३ साली सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. आमच्यासारख्या नगरपालिकांच्या गावांना डिसेंबर २०१५ची मुदत होती, खेड्यांना त्यानंतरची. बदल नुसता बॉक्सचा नव्हता. पूर्वी एका चॅनलला जेवढी जागा लागायची, तेवढ्यात आता दहा-बारा चॅनल मावू लागले. सगळे चॅनल मोठ्या कंपनीच्या केंद्रातून तयार होऊन फायबरवरून, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेवरून, येऊ लागले. आमचे रिसीव्हर, मॉड्युलेटर, छत्री, सगळं भंगारात गेलं. कंट्रोल रूममध्ये एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मिस्टर म्हणाले, "आता आपण फक्त वसुलीवाले." मला ते पटलं नाही. खांबापासून घरापर्यंतची तार अजून आमचीच होती, आणि ती बिघडली की लोक फोन आम्हालाच करत होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची (दूरसंचार नियामक संस्थेची) नवी दरपद्धत लागू झाली. पहिल्या शंभर चॅनलांचे १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैसे भरून घ्यायचे चॅनल प्रत्येकानं आपापले निवडायचे. ग्राहकाच्या हाती निवड देणं योग्यच होतं. पण ती निवड करायला त्याच्याशेजारी कोणीतरी बसायला हवं होतं, हे दिल्लीत कोणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. आमची माणसं यादी घेऊन घरोघरी बसली. एका आजींना फक्त सह्याद्री, एक मराठी मालिकांचं चॅनल आणि कीर्तन हवं होतं. त्यांचं बिल पूर्वीपेक्षा कमी झालं. क्रिकेट आणि इंग्रजी सिनेमा दोन्ही हवं असलेल्या घराचं वाढलं. त्या दोन महिन्यांत आमच्या मुलांना कोणत्या घरात काय पाहिलं जातं ते जितकं कळलं, तितकं आधी कधीच कळलं नव्हतं.

फायबर घरापर्यंत न्यायचं काम आम्ही २०१८ साली सुरू केलं. एका मोठ्या इंटरनेट कंपनीशी भागीदारी केली, बँकेचं कर्ज काढलं, माझे दागिने तारण ठेवले. फायबरच्या जीपॉन या पद्धतीत आमच्या केंद्रातल्या ओएलटी या मुख्य यंत्राच्या एका पोर्टमधून सेकंदाला अडीच गिगाबिट माहिती नेणारा प्रकाश निघतो. वाटेत स्प्लिटर हा प्रकाश विभागणारा भाग तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतो. या वाटेवर विजेवर चालणारं एकही उपकरण नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णा-कोयनेचं पाणी आमच्या लाइनवर चढलं. तांब्याच्या लाइनवरचं सगळं गेलं. फायबरचे जॉइंट पाण्याखाली होते, पण ज्या घरात इन्व्हर्टर होता तिथं इंटरनेट चालू राहिलं. काच विजेलाही घाबरत नाही आणि पाण्यालाही. त्या आठवड्यानंतर उरलेली तांब्याची तार काढायचा निर्णय घ्यायला आम्हाला बैठक घ्यावी लागली नाही. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आल्या आणि फायबरची मागणी आम्हाला पुरवता येईना.

टीव्ही आता याच तारेतून दोन वाटांनी येतो, आणि त्यांतला फरक मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी समजावते. केबलवर एक चॅनल एकदा सोडला की तो दहा घरं बघोत की हजार, आमच्या लाइनवर भार तेवढाच. ओटीटीत, म्हणजे इंटरनेटवरच्या अ‍ॅपमधून बघताना, मात्र प्रत्येक टीव्हीला त्याचा स्वतंत्र प्रवाह जातो. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पडतात. वेग कमी झाला की अ‍ॅप हलक्या दर्जाचा तुकडा मागतं. म्हणून चित्र थांबण्याऐवजी थोडं धूसर होतं. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. त्या दुपारी आमच्या अपलिंकचा, म्हणजे बाहेरून इंटरनेट आणणाऱ्या जोडणीचा, आलेख छताला टेकला. केबल असलेल्या घरातून विकेटची आरडाओरड आधी यायची आणि मोबाइलवाल्याला विकेट नंतर दिसायची. थेट सामन्यासाठी एकच प्रवाह सर्वांना पोचवण्याची जुनी पद्धतच चांगली, असं माझं ठाम मत आहे. आयपीटीव्हीत, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीनं पोचवलेल्या टीव्हीत, मल्टिकास्टनं (एकच प्रवाह अनेक घरांना) इंटरनेटच्या तारेवरही तेच साधता येतं. आमच्या नव्या जोडण्या त्याच दिशेनं चालल्या आहेत.

पैशाचं स्पष्ट सांगते. नुसती केबल घेणारी घरं दरवर्षी कमी होतात. एकेकाळी ज्या डीटीएचवाल्यांची (घरच्या छोट्या छत्रीवर थेट उपग्रहातून टीव्ही देणाऱ्यांची) आम्हाला धास्ती होती, त्यांचे देशभरातले ग्राहकही ७ कोटींच्या आसपास जाऊन आता ६ कोटींच्या खाली आले आहेत. आमचं घर आज इंटरनेटवर चालतं. टीव्ही त्याच्यासोबत जातो.

सगळ्यांत मोठा बदल माणसांच्या कामात झाला. पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या मुलाला शिडी, पक्कड आणि धाडस एवढं पुरे होतं. आज त्याला प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर उणे २७ डीबीएमच्या (त्या ताकदीचं एकक) खाली गेलेला सिग्नल म्हणजे काय ते कळावं लागतं. फायबरमधला दोष शोधणाऱ्या ओटीडीआर यंत्राच्या आलेखावरून तार कितव्या मीटरवर तुटली ते सांगता यावं लागतं. आयपी पत्ते, व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं), राउटरचं कॉन्फिगरेशन हे सगळं आलंच. दहावी झालेला, खांबावर चढणारा आमचा एक मुलगा रात्री बसून नेटवर्किंग शिकला. आता तो पुण्यात लाइव्ह प्रक्षेपणाच्या प्रवाहांवर रात्रपाळीत लक्ष ठेवतो. तो गेला तेव्हा मिस्टरांना वाईट वाटलं. मला अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो. इथलं अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचं आहे, पण तिथल्या पदवीधरांना आमची वाट सहसा दिसत नाही. टीव्हीचं तंत्रज्ञान म्हणजे मुंबईतला स्टुडिओ, एवढंच त्यांना माहीत असतं. एन्कोडिंग (चित्र लहान आकारात बसवणं), कॅश सर्व्हर (व्हिडिओची प्रत प्रेक्षकाजवळ साठवणारे संगणक), अ‍ॅपची चाचणी, नेटवर्कची देखरेख ही सगळी टीव्हीचीच कामं आहेत.

फायबर जोडायचं काम टेबलावर बसून होतं, त्याला स्थिर हात आणि चिकाटी लागते. केसाएवढ्या जाडीच्या काचेची दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर आणून वितळवायची असतात. हे काम मी आधी शेजारच्या दोन मुलींना शिकवलं. आज आमच्याकडचे सगळ्यांत स्वच्छ जॉइंट त्यांचेच. खांबावर जाणाऱ्यांसाठी एकच कडक नियम आहे : पाऊस आणि बेल्ट. पाऊस असेल तर कोणी चढायचं नाही, बेल्ट नसेल तरी चढायचं नाही. ग्राहक कितीही ओरडला तरी. खांबांवर विजेच्या तारा असतात, आणि या धंद्यात जीव गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

सध्या पाटणच्या बाजूच्या खोऱ्यातली गावं जोडायचं काम चालू आहे. अंतर मोठं, घरं विखुरलेली, म्हणून स्प्लिटर कुठं ठेवायचा याचा हिशेब गावागणिक नव्यानं मांडावा लागतो. पावसाळ्याआधी मुख्य तार टाकून होईल, घरजोडण्या दिवाळीपर्यंत चालतील. जूनमध्ये शिकाऊ मुलामुलींची नवी तुकडी घेणार आहोत. आयटीआय, डिप्लोमा किंवा नुसती दहावी चालेल. शिकताना पगार मिळतो, पहिले दोन महिने फक्त जॉइंटिंग आणि मोजमाप, खांब नाही. मुलींनी जरूर यावं.