अठ्ठ्याण्णव सीसीची ताकद

जुन्या मोटारसायकलचे इंजिन खोलले की आधीच्या मालकांपैकी कोण किती उतावळा होता, हे लगेच कळते. आमच्याकडची यामाहा आरएक्स १०० माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, १९९१ साली नवी घेतली. पुढे ती भाच्याकडे गेली, त्याच्याकडून शिरपूरच्या एका दूधवाल्याकडे, तिथून आणखी कुणाकुणाकडे, आणि अशी फिरत फिरत ती पुन्हा अमळनेरात आमच्या दारात आली. त्या वेळी तिच्यात एअर फिल्टरचा स्पंज नव्हता, सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी पुंगळी नव्हती, हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, घासलेले होते आणि कार्बोरेटरच्या मेन जेटच्या, म्हणजे पेट्रोल ज्यातून जाते त्या तोटीच्या, भोकातून कुणीतरी तार फिरवून ते मोठे केले होते. यातली प्रत्येक करामत गाडी आणखी पळावी म्हणूनच केलेली होती आणि या सगळ्या करामतींचा मिळून परिणाम असा झाला होता, की लळिंगच्या घाटात ती गाडी उसाच्या ट्रॅक्टरच्या मागे मुकाट्याने चालत असे.

मुळात ही गाडी अशी नव्हती. १९८५ साली एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांनी मिळून ती भारतात आणली आणि १९९६ पर्यंत ती निघत राहिली. इंजिन अवघे ९८ सीसीचे, ताकद मात्र ११ अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. त्याच १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चे इंजिनही जवळजवळ तेवढ्याच सीसीचे होते, पण त्याची ताकद सात-साडेसात अश्वशक्तीच्या घरात होती. हा फरक टू स्ट्रोकचा आहे. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटते, टू स्ट्रोकमध्ये दर फेरीला पेटते. मिनिटाला साडेसात हजार फेरे या गतीला आरएक्सच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला १२५ वेळा ठिणगी पडते. त्याची किंमत पेट्रोलच्या रूपाने मोजावी लागते, हे वेगळे सांगायला नको. आप्पांनी गाडी परत आलेली पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो खान्देशातला ठरलेला प्रश्न, "लिटरमा कितलं चालस?" चाळीस म्हटल्यावर त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या स्प्लेंडरकडे नुसते बोट दाखवले. त्यांनी ती गाडी कोणत्या कारणाने विकली होती, हे मला तेव्हा समजले.

गाडी ज्यांच्याकडे दिली, ते मेस्त्री अहिराणीशिवाय दुसरे बोलत नाहीत आणि पान्याला हात लावण्याची त्यांना कधीच घाई नसते. त्यांनी गाडी चालू केली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्रँककेसवर, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीवर, टेकवले, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मी बोलायला लागलो तेव्हा म्हणाले, "पहिले आयकी ले, मंग खोल." इंजिन खोलल्यावर ब्लॉक आणि पिस्टन बाजूला काढून त्यांनी पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरला आणि आधी डावी-उजवीकडे हलवला. एवढा हालायलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मग तोच रॉड सरळ वर-खाली ओढून पाहिला. या दिशेला तो मुळीच हलता कामा नये आणि तो हलत होता. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण बोटाला कळेल इतका. आणि प्रत्येक ओढीबरोबर अगदी बारीक असा टक् आवाज येत होता. मधल्या कुठल्याशा मालकाने नवा पिस्टन टाकला होता, रिंगा टाकल्या होत्या, पण खाली हात लावलाच नव्हता. हाफ इंजिन काम करून पैसे वाचवायचे आणि वर्षभरात पुन्हा तेच काम करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

टू स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये काय बिघडले आहे, हे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच गेलेल्या ताकदीचा शोध सगळे जण वरच घेतात. या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते, तिथे थोडे दाबले जाते आणि मगच सिलिंडरमध्ये वर चढते. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच असतो आणि त्या पंपाचे दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक झाले, की तो गळू लागतो. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि एके दिवशी भर रस्त्यात पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरबॉक्समधले ऑइल ओढले जाते आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. या सीलांची किंमत पिस्टनच्या मानाने काहीच नाही. आमच्या गाडीचे दोन्ही सील लाकडासारखे कडक झाले होते. ते बदलले, रॉड किट टाकले, आणि क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजच्या काट्याकडे बघत, तांब्याच्या हातोड्याने ठोकून सरळ केला. हे शेवटचे काम ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला कारागिरीविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. काटा हलायचा थांबेपर्यंत ठोका कुठे आणि किती जोराने द्यायचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते.

मग ब्लॉक बोअरला, म्हणजे सिलिंडर आतून कापून नव्या मापाचा करून घ्यायला, गेला. आमच्या भागातल्या लेथवाल्यांचे पोट ट्रॅक्टरवर आणि विहिरींच्या पंपांवर चालते. मोटारसायकलचा चिमुकला ब्लॉक त्यांच्या रांगेत मधेच कुठेतरी बसवला जातो आणि शेतीच्या ऐन हंगामात तो कितीही दिवस पडून राहतो. बोअरविषयी लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. बोअर मारला की सीसी वाढते आणि सीसी वाढली की गाडी पळते, असे पोरांना वाटते. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, हीही ५० मिलिमीटर, म्हणजे हिशेबाने ९८.२ सीसी. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर १००.१ सीसी होतात आणि पूर्ण एक मिलिमीटर वाढवला तर १०२.१. चार टक्क्यांची ही वाढ घाटात कुणाच्या लक्षातही येणार नाही. खरा फायदा सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ होण्यात असतो, कारण झिजलेला सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारख्या मापाचा राहिलेला नसतो आणि रिंगांना तिथे दाब धरून ठेवता येत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरच्या आतली स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून दोघांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट ठेवावी लागते. ती कमी पडली तर पिस्टन पकडणार आणि जास्त झाली तर तो आत खडखडत राहणार. मेस्त्रींनी लेथवाल्याकडे ब्लॉकबरोबर नवा पिस्टनही पाठवला होता. प्रत्यक्ष पिस्टन मोजल्याशिवाय बोअर मारू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि तो मला पटला.

इंजिन बसवण्याआधी माझ्या मनात एक मोह होता, तो एक्झॉस्ट पोर्टचा, म्हणजे जळालेला वायू बाहेर जाण्यासाठी सिलिंडरला असलेल्या भोकाचा. ते भोक कानशीने वरच्या बाजूला थोडे घासले, तर जास्त गतीला इंजिन मोकळे होते आणि ताकद वाढते, ही गोष्ट खरी आहे. पण ती वाढ वरच्या फेऱ्यांना मिळते आणि तेवढी ओढ खालच्या फेऱ्यांतून कमी होते. शर्यतीच्या गाडीला ते चालते. आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी ४५ किलोची युरियाची गोणी असते, कधी सहकुटुंब मामा असतात, आणि काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच तिचा निम्मा दिवस जातो. पोर्टला हात लावला नाही. घासलेले हेडही काढून टाकले. त्या हेडने दाब वाढला होता, दाबाबरोबर उष्णता वाढली होती, आणि वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला आमच्या वैशाखात ती झेपत नव्हती. चढावर आतून टकटक ऐकू येई. भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे न घासलेले हेड मिळाले.

सायलेन्सरची गोष्ट तर आणखी मजेची आहे. टू स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबण्यासाठी नसतो. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची एक लाट पुढे जाते, सायलेन्सरच्या आतल्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरते आणि पोर्ट बंद होण्याच्या क्षणी बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या येण्याजाण्याच्या वेळा कारखान्यात मोजूनमापून ठरवलेल्या असतात. पुंगळी काढणारा माणूस त्या मापांत हात घालतो. वाढलेल्या आवाजाने त्याला वेग वाढल्याचा भास होतो आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांची झोप उडते, एवढीच त्यातली निष्पत्ती. मेस्त्रींचे मत याहून थोडक्यात होते, "आवाज वाढना, पन गाडी कोठे पयनी?" आम्ही सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून आतला कार्बन काढला, पुंगळी बसवली आणि एवढ्या एका कामाने गाडीचा पिकअप इतका सुधारला, की आधीच्या मालकांची मला कीव आली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कार्बोरेटरने, आणि त्याचे कारण आमची हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. या दोन टोकांमध्ये हवेच्या घनतेत अकरा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणून त्याच जेटला मिश्रण जाड होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, आणि प्लग काळा पडतो. तो काळा प्लग पाहून माणूस लहान जेट टाकतो, गाडी छान पळते, आणि मग थंडीत, दाट हवेत, तोच जेट कमी पडतो. प्लगचे टोक पांढरे दिसू लागते आणि लग्नसराईच्या गडबडीत, धुळ्याच्या रस्त्यावर, पिस्टन पकडतो. दोष बिचाऱ्या मेस्त्रीला मिळतो. त्यात आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटला मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. शिवाय ते पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. तेव्हा १९९१ च्या गाडीत कारखान्याच्या मापाचा जेट डोळे मिटून टाकणे आज बरोबर नाही. सगळे मूळचे करत गेलो, तरी इथे मात्र मूळ माप सोडावे लागले. फिल्टर नवा टाकला, एक माप मोठा मेन जेट बसवला आणि मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पिळून, तिथेच इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवायची आणि प्लग काढून पाहायचा, असा उद्योग चालला. कॉफीच्या रंगाचा प्लग हाती आला तेव्हा रस्त्याकडेच्या केळीच्या बागेतला एक माणूस केव्हापासून आमच्याकडे संशयाने बघत होता.

राहिला प्रश्न गिअरचा. समोरच्या सॉकेटचा, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चक्राचा, एक दात कमी करणे म्हणजे मागच्या सॉकेटचे जवळपास तीन दात वाढवणे, आणि बोअर, पोर्ट, हेड यांतल्या कशाहूनही चढावर जास्त फरक या स्वस्त तुकड्याने पडतो. चाळीसगावहून औट्रम घाटाने कन्नडकडे चढताना तो फरक मांड्यांना कळला. जिथे आधी दुसरा गिअर टाकावा लागे, तिथे तिसऱ्यात गाडी ओढू लागली. महामार्गावर मात्र ती लवकर ओरडते, पण तिथे तिला घेऊन जाण्याची मला हौस नाही. घाट उतरताना एक काळजी घ्यावी लागते. ॲक्सिलरेटर बंद करून गिअरवर गाडी उतरवली, की पेट्रोल आत जाणे थांबते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल तर ऑइलही थांबते, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोराने फिरतच असते. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडा रेस द्यावा. लिटरला २० मिलिलिटर हे नेहमीचे माप, पण नवा पिस्टन बसेपर्यंत आम्ही थोडे सढळ हातानेच ऑइल घातले.

गल्लीतल्या पोरांचा आग्रह १३५ च्या ब्लॉकचा होता. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच ५० मिलिमीटर, बोअर मात्र ५८, म्हणून सीसी एकदम १३२ होतात आणि थोडी खटपट करून तो ब्लॉक या गाडीवर बसवणारे लोक आहेत. गाडी सुसाट पळते, यात शंका नाही. पण आरसी पुस्तकावर ९८ लिहिलेले असताना इंजिन १३२ चे असणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि पंधरा वर्षे उलटून गेलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना, गाडी तपासणाऱ्या साहेबांपुढे तोंड लपवत उभे राहायला मी तयार नव्हतो. त्याहून मोठे कारण ब्रेकचे आहे. पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक, टायर बारीक आणि चौकट शंभर सीसीच्या हिशेबाची. आहे ती ११ अश्वशक्ती परत आल्यावरच पुढचा ब्रेक अपुरा वाटू लागला. त्याचे शू नवे टाकले, ड्रम लेथवर साफ करून घेतला, केबल बदलली. मागचे दोन्ही शॉकअप ऑइल सोडत आहेत. ते काम कापसाचे पैसे हातात आले की करू, असे मेस्त्रींना सांगून ठेवले आहे, आणि यंदाचा कापसाचा भाव पाहून त्यांनीही घाई केलेली नाही.