तुम्ही विचारलंत म्हणून: राजाला कोर्ट कशाला लागलं?

इंग्लंडच्या राजाचा, आठव्या हेन्रीचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, अहो तो राजाच होता ना, मग बायकोला सोडायला कोर्ट कशाला? तर सांगते. त्याला घटस्फोट नकोच होता, कॅथलिक चर्चमध्ये तसा तो मिळतही नाही. त्याला हवं होतं ते माझ्या मते जास्त क्रूर होतं, हे लग्न मुळात झालंच नव्हतं असं चर्चने लिहून द्यायचं. म्हणजे 20 वर्षांचा संसार, गेलेली लेकरं, जगलेली एकुलती मेरी, सगळ्यावर काट.

त्याची ही बायको कॅथरीन, स्पेनची राजकन्या, आधी त्याच्या थोरल्या भावाची, आर्थरची बायको, म्हणजे नात्याने हेन्रीची वहिनी. आर्थर पाचेक महिन्यांत गेला, मग पोपची परवानगी काढून 1509 मध्ये हे लग्न लागलं. आता हेन्री म्हणायला लागला की भावाच्या बायकोशी लग्न बायबललाच मंजूर नाही, तिचं म्हणणं आर्थरशी संबंध कधी आलाच नव्हता. 1529 च्या उन्हाळ्यात लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात कोर्ट बसलं, वुल्सी आणि कँपेजिओ हे दोन कार्डिनल, म्हणजे पोपच्या हाताखालचे बडे धर्मगुरू, न्यायाधीश, आणि साक्षी कशाच्या तर 1501 मध्ये आर्थरशी झालेल्या लग्नाच्या रात्रीच्या. पंधरा वर्षांचा आर्थर सकाळी म्हणाला होता म्हणे की रात्री मी स्पेनमध्ये होतो, तेही पुरावा म्हणून! वाचताना अजून अंगावर येतं माझ्या.

21 जूनला तिचं नाव पुकारलं. ती न्यायाधीशांकडे गेलीच नाही, गर्दीतून वाट काढत सरळ नवऱ्यासमोर जाऊन गुडघे टेकले, आणि म्हणाली, मी तुमच्याकडे आले तेव्हा मला पुरुषाचा स्पर्शही नव्हता, खरं की खोटं ते तुमच्या मनाला विचारा. मग उठली आणि चालू लागली. मागून तीनदा पुकारा झाला, तिचं उत्तर एवढंच की या कोर्टात मला निःपक्ष न्याय नाही, मी थांबणार नाही. लोक याला रडणं समजतात, मला ती त्या कोर्टातली सगळ्यात हुशार वकील वाटते, कारण रोमला, म्हणजे पोपकडे अपील तिने आधीच केलं होतं आणि खरं माहीत असलेल्या दुसऱ्या एकमेव माणसाला तिने सगळ्यांदेखत साक्षीदार करून टाकलं.

जुलैअखेर कँपेजिओने रोमच्या सुट्ट्यांचं कारण देऊन कोर्ट ऑक्टोबरपर्यंत तहकूब केलं, ते पुन्हा बसलंच नाही. हेन्रीला हवा तो निकाल 1533 मध्ये त्याच्याच आर्चबिशपने, क्रॅनमरने दिला. त्यानंतर राजाची माणसं तिच्याकडे एक कागद घेऊन गेली, त्यात तिला राणी न म्हणता आर्थरची विधवा राजकन्या म्हटलेलं. तिने पेन मागवलं आणि ते शब्द जिथे जिथे आले तिथे तिथे खोडून टाकले.