गोल करून बसलेलं संमेलन

प्राथमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचं एक लहानसं मंडळ आहे आणि त्याचं संमेलन दरवर्षी भरतं. संमेलन म्हटलं की व्यासपीठ, हारतुरे, प्रास्ताविक आलंच. आमच्याकडे त्यातलं काहीच नसतं. खुर्च्या भिंतीला सरकवायच्या, सतरंज्या अंथरायच्या आणि गोल करून बसायचं. येताना प्रत्येकानं एक लोकगीत आणायचं, तेही कुणाच्या तरी तोंडून ऐकून शिकलेलं. ते गाऊन दाखवायचं नाही, शिकवायचं. तेवढा वेळ बाकीच्यांनी पहिली-दुसरीतली मुलं व्हायचं.

एका वर्षी एका ज्येष्ठ बाईंची पाळी आली. ‘आता मी तुम्हाला शिकवते’ एवढंही त्या म्हणाल्या नाहीत, थेट गायलाच लागल्या. एकानं विचारावं आणि सगळ्यांनी उत्तर द्यावं अशा धाटणीचं चार ओळींचं गाणं होतं. पहिल्यांदा नुसतं ऐकवलं. दुसऱ्यांदा मांडीवर ठेका धरला, तसे आमचेही हात आपोआप चालू लागले. तिसऱ्यांदा शेवटच्या शब्दापाशी येऊन थांबल्या आणि भुवया उंचावून आमच्याकडे पाहिलं. तो शब्द आमच्याकडून आला. मग अर्धी ओळ आमची झाली, मग उत्तराची अख्खी ओळ. कागद नाही, फळा नाही. सूर त्यांनी मुद्दाम स्वतःच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा वरचा धरला होता, कारण मुलांचा गळा तिथे मोकळा होतो. आपण आपल्या सोयीनं खाली धरतो आणि बिचारी मुलं मग गाण्याऐवजी पुटपुटतात.

मधल्या वेळात मी त्यांना गाठलं. म्हणाल्या, “अगं, शब्द आधी फळ्यावर लिहिले की मुलं वाचत बसतात. कान मिटतात त्यांचे.” तेव्हापासून माझ्या वर्गात गाणं आधी कानात जातं, फळ्यावर आलंच तर शेवटी येतं.

एका वर्षी संध्याकाळची बैठक हंगेरीवर रंगली. झोल्तान कोदाय आणि बेला बार्तोक हे दोन संगीतकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या घेऊन खेडोपाडी फिरले, शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९०६ साली दोघांनी मिळून त्यातल्या काहींचा छोटा संग्रह छापला. पुढे कोदाय यांनी आग्रह धरला की मुलाचं संगीत-शिक्षण त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांपासूनच सुरू व्हावं. १९५० साली केचकेमेत शहरात रोज गाणं असणारी प्राथमिक शाळा निघाली. लोकसंगीत जपण्याच्या या पद्धतीची २०१६ मध्ये युनेस्कोनंही नोंद घेतली. हे सांगता सांगता बैठक घेणाऱ्या सरांनी आम्हाला गायलाच लावलं. आधी फक्त पंचमावरून गंधारावर उतरायचं, मुलं एकमेकांना लांबून हाका मारतात ना, अगदी तसं. मग त्यात धैवत, नंतर षड्ज आणि रिषभ. पाच स्वर पुरे झाले तेव्हा कुणीतरी ओरडलं, “अहो, हा तर आपला भूप राग!” जगातली कितीतरी लोकगीतं एवढ्याच पाच स्वरांत नांदतात. ती बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. मला अजूनही ती सगळ्यांत आवडती.

पण खरी मजा यायची ती भांडणांत. एकच गाणं दोघांनी आणलेलं असायचं आणि चाल वेगळी, तिसरी ओळ वेगळी. “आमच्याकडे असंच म्हणतात.” “छे हो, मूळ ते नव्हेच!” मग त्या ज्येष्ठ बाईंनीच पायंडा पाडला: दोन्ही शिकायची आणि कुणाकडून ऐकली ते वहीत लिहायचं. बार्तोकही गाणाऱ्याचं नाव, वय आणि गाव टिपून ठेवायचे, हे मला नंतर कळलं तेव्हा फार आनंद झाला. कारण वर्गातही हेच घडतं. गाणं शिकवून झालं की दुसऱ्या दिवशी एखादी चिमुरडी उभी राहते, “बाई, माझी आजी असं नाही म्हणत.” त्या क्षणी तास तिच्या हाती सोपवावा. तिनं आजीची चाल गावी आणि सगळ्या वर्गानं ती उचलावी. एरवी तोंड न उघडणारी मुलं अशा वेळी बोलती झालेली मी पाहिली आहेत.

एक गोष्ट संमेलनात दरवर्षी ठामपणे बोलली जाते. काही गाणी पूजेची असतात, काही शोकाची. ज्यांची ती आहेत त्यांना विचारल्याशिवाय ती वर्गात आणायची नाहीत.

आणि दुसरी माझी स्वतःची. ध्वनिमुद्रण लावून, वेशभूषा करून मुलांना नुसतं नाचवणं म्हणजे लोकसंगीत शिकवणं नव्हे. लोकगीताला प्रेक्षक लागत नाहीत, सोबती लागतात. गोलात हात धरून फिरताना, टाळ्यांचा खेळ खेळताना ठेका मुलांच्या पायांत उतरतो. मात्रा वगैरे नंतर समजावायला सोपं जातं.

निरोपाच्या आधी प्रत्येकानं दुसऱ्याचं एक गाणं निवडायचं, वर्षभर वर्गात गायचं आणि मुलांनी त्याचं काय केलं ते पुढल्या वर्षी सांगायचं. मी गेल्या खेपेला एक अंगाई निवडली होती. माझ्या दुसरीच्या मुलांनी तिच्यात बाळाच्या जागी वर्गातल्या एकेकाचं नाव घालायला सुरुवात केली आणि आता ती हजेरीच्या वेळी गायली जाते. यंदा ती तशीच शिकवणार आहे, सगळ्या नावांसकट.