पूर्ण पॅक बदला म्हणाले, बिघाड निघाला एका गटात

सेकंड हँड इलेक्ट्रिक स्कूटर घेताना कागदपत्रांचं काम सोपं असतं. फॉर्म 29 आणि 30 भरले, फी भरली, गाडी नावावर झाली. बॅटरीने आधीच्या मालकाकडे काय काय सोसलंय, ते मात्र कुठल्याच कागदावर नसतं.

मी ग्वाल्हेरात ऐन थंडीत गाडी घेतली. शहरातल्या लष्कर भागाच्या गल्ल्यांमधून ती झकास पळायची, पण मुरारला जाताना पडावच्या पुलाचा चढ लागला की मध्येच बंद. डिस्प्लेवर पाचपैकी तीन काड्या शिल्लक, आणि गाडी ठप्प. मागे टेंपोवाला ओरडतोय, "भैया, साइड में लो!", मी किल्ली बंद करून पुन्हा फिरवतोय, आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात परत सुरू. सकाळी धुक्यात हे जास्त व्हायचं, ऊन तापलं की कमी. थंडीत बॅटरीतल्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि चढावर जोर लागला की व्होल्टेज जास्त पडतं, म्हणून.

ज्याला विचारावं तो एकच सांगे, "पूरी बैटरी बदलवा लो." एका दुकानात तर त्याहून स्वस्त उपाय निघाला: बीएमएस बायपास करून टाकू, मग बंदच पडणार नाही. याला मी सरळ नाही म्हटलं. बीएमएस म्हणजे पॅकमधलं ते सर्किट, जे एखादा सेल फार खाली गेला की सप्लाय तोडतं. ते काढलं तर गाडी चढेल, पण खचलेला सेल आणखी पिळला जाईल. लिथियम सेल मर्यादेखाली उतरवला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. पॅक चार्ज होतो घरात, जिन्याखाली. नको ते.

आमच्या वाड्यातले एक काका रेल्वेत सिग्नल विभागात होते, बॅटऱ्यांशी त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तोच कामाचा ठरला. "बंद पडते तेव्हा दिवा राहतो का रे?" नाही, काका, दिवा, हॉर्न, डिस्प्ले सगळंच जातं. "मग कंट्रोलर नाही, बॅटरीच तोडतेय." व्होल्टेज कमी पडून कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, थांबतो तेव्हा फक्त मोटर बंद होते, डिस्प्ले चालू राहतो. सगळं एकदम गेलं की संशय बीएमएसवर किंवा ढिल्या जोडणीवर.

जोडणी आधी तपासली, कारण ते काम फुकटात होतं. बॅटरीचा कनेक्टर एका बाजूने काळवंडलेला आणि गाडी चालवून आलं की हाताला चटका देणारा. 25 अँपिअर वाहत असताना तिथे नुसता 1 व्होल्ट पडला तरी 25 वॅटची उष्णता त्या इवल्याशा पितळेत साठते. कनेक्टर बदलला. चटका गेला, पूल काही चढेना.

चार्जरवर 67.2 व्होल्ट छापलेलं होतं. भरलेला एनएमसी (लिथियम सेलचा एक प्रकार) सेल 4.2 व्होल्टचा, म्हणजे भागाकार करून 16 गट एकापुढे एक; गट म्हणजे समांतर जोडलेले काही सेल. (एलएफपी हा दुसरा प्रकार असेल तर 3.65 ने भागायचं. पॅकवरचं स्टिकर उडालेलं असलं तरी चार्जर बोलतो.) मग काकांनी हँडलला एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावून दिला, मध्ये फ्यूज घालून. डिस्प्लेच्या काड्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

पुलावर गाडी बंद पडायच्या क्षणी आकडा होता 55 च्या आसपास. इथे काका खूश झाले. सगळे गट सारखेच रिकामे झाले असते तर बीएमएसने 2.8 व्होल्टच्या सुमाराला तोडलं असतं, म्हणजे एकूण 45 च्या जवळ. 55 ला तोडतंय याचा अर्थ बहुतेक गट साडेतीनच्या आसपास ठणठणीत आहेत आणि एखादाच कोसळतोय. पॅक न उघडता एवढं कळलं.

उघडायचं काम मात्र घरी केलं नाही. 67 व्होल्टचा पॅक आहे, हातातली अंगठी चुकून दोन टोकांना लागली तर ती लाल होते. लिथियम पॅक जोडणारा एक कारागीर गाठला. त्याने पॅक पूर्ण चार्ज करून प्रत्येक गट मोजला: सोळाच्या सोळा 4.15 च्या आगेमागे. "देखो भाईसाहब, सब सेल बढ़िया हैं. मोटर दिखाओ." सगळं तिथेच संपलं असतं. पण भरलेल्या अवस्थेत सारखे दिसणं हा निरोगीपणाचा पुरावा नाही, हे काकांनी बजावून पाठवलं होतं. गटांमध्ये नुसता असमतोल असेल तर फरक भरलेल्या पॅकमध्येही दिसतो, आणि चार्जर जास्त वेळ लावून ठेवला तर बीएमएस तो हळूहळू मिटवतो. एखाद्या गटाची क्षमताच घटली असेल, तर तो भरताना सगळ्यांबरोबर वर येतो आणि रिकामा होताना एकटाच आधी खाली जातो. म्हणून गाडी बंद पडेपर्यंत चालवून मग मोजायचं. कारागिराने जरा कुरकुर केली, पण मोजलं. पंधरा गट 3.65 च्या वर, अकरावा 3.1.

आवरण काढल्यावर कारण उघड्या डोळ्यांनी दिसलं. अकराव्या गटात दहा सेल समांतर, त्यातल्या चौघांच्या निकेलच्या पट्टीचं स्पॉट वेल्डिंग सुटलेलं. आमचे रस्ते बघता नवल नाही. सहा सेल दहांचं ओझं वाहत होते, त्यामुळे तेही थकले होते.

सहाच्या सहा बदलायचे की फक्त पट्टी जोडायची यावर थोडी हुज्जत झाली. शेवटी पूर्ण गट नवा घेतला, तितक्याच क्षमतेचा. एक गट इतरांपेक्षा ताजा असला तर बिघडत नाही. पॅक चालतो सगळ्यात कमजोर गटाच्या मर्यादेत. फक्त जोडण्याआधी नवे सेल बाकीच्यांच्या व्होल्टेजला आणून घ्यावे लागतात, ते त्याने माझ्यासमोर केलं. खर्च नव्या पॅकच्या मानाने किरकोळ.

आता पूल चढताना मीटर 60 च्या खाली फारसा जात नाही. उन्हाळ्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा बाहेरून आल्यावर पॅक निवू देऊनच चार्जर लावतो. मेव्हण्यालाही तसलीच एक गाडी मुरारमध्ये मिळतेय. विकणारा म्हणतो, फुल चार्ज करून ठेवतो, येऊन बघा. मी मेव्हण्याला सांगितलंय, अर्धी संपवून ठेव म्हणावं, मग उरवाई गेटच्या चढावर नेऊ.